उलटा हात

५ जानेवारी

काका,

नुसतं ‘काका’ लिहिलंय, कारण पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही. मी तुमच्या थोरल्या भावाची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा मी सात वर्षांची होते, आता सव्वीस आहे, कपडे शिवते. आपली ओळख एवढीच, तरी लिहितेय, कारण वस्तऱ्याच्या कामातलं कळणारं दुसरं कुणी मला ठाऊक नाही.

नोव्हेंबरात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजतं मात्र सगळं. डाव्या हातानं माझा हात एकदा दाबला की ‘हो’, दोनदा दाबला की ‘नाही’. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी बजावलंय, साधा ओरखडा आला तरी रक्त लवकर थांबणार नाही, जपा. आणि त्याच दमात म्हणाले, ही दाढी काढा. उजव्या बाजूनं लाळ गळते, घास दाढीत अडकतो, आतली कातडी ओली राहून चिघळलीय. जखम वाढली तर निस्तरणं कठीण जाईल म्हणाले.

तुम्हाला बाबांची दाढी माहीत आहे का? मला तर ते दाढीशिवाय आठवतच नाहीत. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, हा गावाच्या दाढ्या काढतो आणि स्वतःची सांभाळतो.

मी दाढीचं मशीन आणलं. त्यांनी ते हातातून उडवलं, त्याचे दोन तुकडे झाले. मग दोन दिवस तोंड मिटून घेतलं, पाणीसुद्धा चमच्याचमच्यानं पाजावं लागलं. शेवटी बोटानं खाली, बंद दुकानाकडे दाखवत राहिले. कपाटाच्या तळाच्या खणात तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक जुना वस्तरा निघाला, काळ्या शिंगाच्या मुठीचा. तो हातात दिल्यावर माझं बोट धरून त्यांनी स्वतःच्या दाढीवर टेकवलं. म्हणजे यानंच.

गंज नाही, पण धारही नाही. नखावर टेकवला तर नुसता घसरतो. बाबा गेली कित्येक वर्षं पातं बदलायचे वस्तरेच वापरायचे, त्यामुळे धार लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. चामड्याचा जुना पट्टा अजून खुर्चीला लटकतोय, पण त्याला मधोमध बोटभर तिरकी चीर आहे. फेकू का म्हटलं की बाबा अंगावर यायचे.

याला धार कशी लावतात? आणि बाबांच्या गळ्यावर तो मी कसा धरू? मला फार भीती वाटते.

ता. क. तुमचा पत्ता त्याच फडक्यात होता. बाबांच्या अक्षरात.

---

१४ जानेवारी

भिंगरी,

हे तुझं नाव माझ्या वेळचं. दुकानातल्या खुर्चीवर बसून गरागरा फिरायचीस आणि मग भिंतींना धडकत घरी जायचीस. आठवत नसेल.

तुझं पत्र मी दारातच उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसलो. दादाचं असं व्हायला नको होतं. त्याची जीभ आणि त्याचा हात, दोन्ही सारखेच चालायचे.

आता माझं ऐक. तो वस्तरा होता तसा गुंडाळ आणि परत खणात ठेव. नवीन मशीन आण. त्याला रागवू दे, राग माझ्यावर काढ म्हणून सांग. रक्ताच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या गळ्याशी जुनं पातं न्यायचं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि तो वस्तरा तर नकोच नको. मीही आता वस्तरा धरत नाही. बाजाराच्या तोंडाशी बसून कात्र्यांना नि सुऱ्यांना धार लावून देतो. बरं चाललंय.

पट्ट्याला चीर कशी पडली? माझ्या वेळी तो गुळगुळीत होता. वाळून फाटला असेल.

वस्तरा आणि माझा पत्ता एकाच फडक्यात, हे वाचून मला धडकी भरली. का ते विचारू नकोस.

काका

---

२२ जानेवारी

काका,

दुसरं मशीन आणलं. बाबांनी दात आवळले आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मी त्यांना अठ्ठावीस नोव्हेंबरला दवाखान्यातून आणलं तेव्हापासून रडताना पाहिलं नव्हतं. तुमचं नाव घेऊन विचारलं, ‘काका म्हणतात हा वस्तरा नको, दुसरा चालेल?’ दोनदा दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दोनदा, माझी बोटं दुखेपर्यंत.

जखमेला आता वास येतोय. जखम बघायला येणाऱ्या नर्सताई म्हणतात, फार तर दोन आठवडे, त्याहून जास्त थांबू नका. तुम्ही शिकवणार नसाल तर मी माझ्या अकलेनं करीन, आणि माझी अक्कल शिवणाच्या मशीनपुरती आहे.

भिंगरी (आठवतंय मला)

---

२७ जानेवारी

भिंगरी,

अगदी बापावर गेलीस. ठीक आहे, शिकवतो. ओळ न् ओळ वाच, घाई करू नकोस.

पहिलं म्हणजे बोथट वस्तरा कमी कापतो असं समजू नकोस. भित्री माणसं हीच चूक करतात, धार कमी ठेवतात. बोथट पातं केसाला अडकतं, अडकलं की माणूस दाबतो, आणि दाबलं की ते कातडीत जातं. धारदार पात्याला दाबावं लागत नाही, त्याच्या वजनानंच ते चालतं. तुला भीती वाटत असेल तर धार जास्त लाव.

कपाटात बारीक कणांचा, साबणाच्या वडीएवढा पिवळसर दगड असेल. तो पाण्यात भिजव. पातं दगडावर सपाट झोपव, पाठ आणि धार दोन्ही टेकल्या पाहिजेत. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचं, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढतेस. टोकाला गेलीस की पाठीवरून कूस बदल, धारेवरून कधीही नाही. नखावर टेकवल्यावर पातं घसरायचं थांबून पकडायला लागलं की दगडाचं काम झालं.

मग पट्टा. इथे सगळं बरोबर उलट. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागून येते. साठ वेळा ओढ. पट्टा ताण, पण पातं दाबू नकोस. चुकून धार पुढे गेली तर त्याला आम्ही ‘उलटा हात’ म्हणायचो. त्यानं पट्टा चिरतो आणि पात्याची धार तिथल्या तिथे मरते. शिकाऊ पोरं करतात, किंवा ज्याचं डोकं ठिकाणावर नाही तो. तो चिरलेला पट्टा वापरू नकोस, दादाचा कमरेचा चामडी पट्टा घे.

शेवटी फुगे आण. फुगव, साबणाचा फेस लाव आणि वस्तऱ्यानं फेस काढ. ओळीनं पाच फुगे न फुटता झाले की माणसाकडे जा. दाढी आधी कात्रीनं आखूड कर, गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ कर, आणि जिथे कापायचं तिथली कातडी दुसऱ्या हातानं ताणून धर.

उजव्या जबड्याखाली सावकाश जा. तिथे कातडी सरळ नाही.

काका

---

५ फेब्रुवारी

काका,

अकरा फुगे फुटले. बाराव्यापासून एकही नाही. फट् झालं की शेजारच्या बाई जिन्यावरून ओरडायच्या, ‘आज कुणाचा वाढदिवस?’ बाबा गादीवर पडून खांदा हलवत हसायचे. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले ते माझ्या फजितीवर.

काल सकाळी बसवलं त्यांना खिडकीशी, उशा लावून. उजवा गाल आधी घेतला, जखम तिकडे होती म्हणून. तुम्ही म्हणालात तसंच झालं, पातं आपलं आपण चाललं. मला वाटलं, हे काही एवढं अवघड नाही. मग जबड्याखाली आले.

तिथे वण आहे. कानाच्या खालून घशापर्यंत, चार बोटं लांब, पांढरा. माझा हात दचकला आणि वणाच्या कडेला रक्ताचा थेंब आला. एकच, मसुराएवढा. पुसला तर दुसरा. मी फडकं दाबून धरलं आणि पन्नास मिनिटं धरून बसले, काका. फडकं उचललं की पुन्हा यायचं. मला वाटलं मी बापाला मारलं. बाबा डाव्या हातानं माझं डोकं थोपटत होते, लहानपणी ताप आल्यावर थोपटायचे तसं.

थांबलं शेवटी. मी वस्तरा मिटला आणि पुन्हा उघडला नाही. बाबांची उजवी बाजू गुळगुळीत आहे आणि डाव्या बाजूला दाढी. हसू यावं असा चेहरा, पण मला हसू येत नाही.

तिथे कातडी सरळ नाही हे तुम्हाला कसं माहीत? मी आत्याला फोन केला. ती आधी म्हणाली, सोड जुनं. मग म्हणाली, ‘तुझ्या काकानंच चिरला होता दादाचा गळा. भांडणानंतर. दुसऱ्या दिवशी निघून गेला.’

मी कुणाकडून शिकत होते? खरं सांगा, नाहीतर लिहूच नका.

---

१ मार्च

भिंगरी,

तीन आठवड्यांत हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

दादा आणि मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एकमेकांची दाढी करायचो. आधी तो माझी, मग मी त्याची. तोच काळ्या मुठीचा वस्तरा, गिऱ्हाइकांना तो कधी लावला नाही.

भांडण पाटीवरून झालं. पाटी नव्यानं रंगवायची होती, मी म्हणालो माझंही नाव घाल. तो भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘पाटीवर नाव यायला हात लागतो. तुझा हात म्हणजे पाय आहे.’ सगळे हसले. मीही हसलो. आत मात्र जाळ झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर तो आधीच खुर्चीत बसलेला, तोंडाला स्वतःच फेस लावलेला. बोलला नाही. माझी दाढी करायला उठला नाही. मीही बोललो नाही. फळीवरचा वस्तरा उचलला. पट्ट्यावर ओढायला हवा होता, रोज ओढायचो. त्या दिवशी नाही ओढला, पट्ट्याकडे पाहिलंही नाही. रागात म्हटलं, पायाला कसली धार.

डावी बाजू घेतली. पातं अडखळत होतं. उजव्या जबड्याखाली आलो, पातं अडकलं आणि मी दाबलं.

एकोणीस वर्षं मी एकच गोष्ट शोधतोय. धार नव्हती म्हणून दाबलं, की तो दादा होता म्हणून? शपथेवर सांगतो, मला माहीत नाही. हात माझाच होता आणि तरी मला माहीत नाही. त्या दिवसापासून मी दुसऱ्या माणसाच्या अंगाला वस्तरा लावलेला नाही.

तो वाचला. पोलिसांना म्हणाला, आरशासमोर स्वतःची दाढी करताना पाय घसरून पडलो. मी दुसऱ्या दिवशी निघालो. मग इकडून तिकडून कळलं की त्यानं दाढी वाढवलीय. त्यातला निरोप मला कळला. आता तुझाच काय, कुणाचाही वस्तरा माझ्या तोंडाला नको. त्याच्याकडे माझा पत्ता होता, हे तुझ्यामुळे कळलं. पत्र कधी आलं नाही.

तुझ्या पहिल्या पत्रातलं ‘नखावर घसरतो’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, त्या सकाळीही तो असाच बोथट होता का म्हणून. पण पडून राहिल्यानंही धार जाते. आता तू त्याला धार लावलीस, आता कुणालाच कळणार नाही.

हे दादाला वाचून दाखव. त्यानं दोनदा दाबलं तर मला पुन्हा लिहू नकोस.

काका

---

७ मार्च

काका,

वाचून दाखवलं. पूर्ण, एकही शब्द न गाळता. वाचताना बाबांचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

मी विचारलं, ‘काकांनी रागानं दाबलं?’ दोनदा.

‘धार नव्हती म्हणून?’ एकदा.

‘त्यांनी पट्ट्यावर ओढला नाही म्हणून धार नव्हती?’ यावर त्यांनी हात सोडवूनच घेतला आणि खाली दुकानाकडे दाखवायला लागले. इतके घाईला आले की तोंडातून घोगरा आवाज निघाला. मला वाटलं दुसरा झटका येतोय. धावत गेले आणि कळेना काय आणायचं, म्हणून जे दिसलं ते सगळं आणलं, दगड, ब्रश, कात्री, फणी, तो फाटका पट्टा. पट्टा बघताच शांत झाले. मी तो खाटेच्या दांडीला अडकवून ताणून धरला.

त्यांनी फणी उचलली. दाते पुढे केले आणि पट्ट्यावरून फर्रकन ओढली. मी म्हणाले, ‘बाबा, दाते म्हणजे धार ना? पट्ट्यावर धार मागे असते.’ त्यांनी फणी टाकून माझा हात एकदा दाबला. मग बोट त्या चिरेत घातलं आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मला कळायला वेळ लागला, तुम्हाला लागणार नाही. त्या सकाळी तुम्ही यायच्या आधी बाबांनी वस्तरा पट्ट्यावर ओढला. तेही धुमसत होते. उलटा हात बसला, पट्टा चिरला, धार मेली. आदल्या दिवशी भावाच्या हाताला पाय म्हणणारा माणूस हे कसं सांगणार? वस्तरा तसाच फळीवर ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले. मी विचारलं, ‘धार मेलीय हे माहीत असून बसलात?’ त्यांनी एकदा दाबलं आणि हात सोडला नाही.

म्हणजे दाढी तुमच्यासाठी निरोप नव्हती. वण दिसला की लोक विचारणार, आणि विचारलं की सांगावं लागणार. मी म्हणाले, ‘एकोणीस वर्षं जीभ धड होती, तेव्हा का नाही बोललात? पत्ता होता ना?’ त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांचा राग आला, काका. अजून आहे.

डावी बाजू मला करू देत नाहीत. वस्तरा दिसला की तोंड फिरवतात. ‘काकांना बोलावू?’ म्हटल्यावर फिरवत नाहीत.

या. तुमचा हात दाबेल याची मला भीती नाही, तुम्ही येणार नाही याची आहे.

भिंगरी

---

१९ मार्च

भिंगरी,

तुमच्याकडून परत पोचलो सुखरूप. निघताना धड बोललोही नाही, बस चुकेल म्हणालो ती थाप होती. बसला दीड तास होता.

दादाची डावी बाजू करताना माझा हात हलला नाही हे तू पाहिलंस. आत काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल. सोबत आणलेल्या नव्या पट्ट्यावर साठ वेळा ओढला, मग आणखी साठ. एक थेंब रक्त नाही. मला वाटलं, सुटलो.

मग त्यानं मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि ब्रश मागितला. डाव्या हातानं फेस लावला, निम्मा नाकात गेला. रोज आधी तो माझी करायचा, ती राहिलेली. इथवर ठीक. मग त्यानं वस्तरा मागितला आणि तू ओरडलीस, ‘बाबा, नाही!’ तुला गप्प करून मीच तो उघडून त्याच्या हातात दिला. नाही देता आलं असतं. त्याचा तो डावा हात, कधी वस्तरा न धरलेला, लटपटता. पण माझ्या हातानं त्याच्यावर जे केलं, त्यानंतर मी त्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

मी हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. थंड पातं कानाखाली टेकलं. मग मला काही कळत नव्हतं, कानात नुसता घूं आवाज. पातं गळ्यावरून खाली गेलं.

तोंड पुसून मी पळालो. बसमध्ये हनुवटी चाचपली तर दाढीचे खुंट जागच्या जागी, सगळेच्या सगळे! त्या वस्तऱ्याला धार मी स्वतः लावली होती, तो हवेतला केस तोडत होता. मग एकही केस का गेला नाही? तू समोर होतीस. सांग.

काका

---

२४ मार्च

काका,

तुम्ही डोळे मिटलेत, मी नाही मिटले. मी टॉवेल दोन्ही हातांत धरून तयार होते, कारण रक्त कसं थांबत नाही ते मी पाहिलंय. तुमच्या गळ्याची शीर उडत होती. मनात आलं, झडप घालावी. पण झडप घातली तर पातं लागेल, म्हणून जागची हलले नाही. इतकी भीती मला बाबांना कापलं त्या दिवशीही वाटली नव्हती.

मग पातं टेकायच्या आत बाबांनी बोटांत वस्तरा फिरवला. हळू, दोनदा निसटता निसटता सावरत. पात्याची पाठ तुमच्याकडे आणि धार स्वतःकडे. तेव्हाच माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाची जी बाजू हलते त्या बाजूनं हसले.

सगळी दाढी त्यांनी पाठीनं केली. फेस निघाला, केस राहिले. उलटा हात, काका. या वेळी मुद्दाम.

जखम आता सुकतेय. रोज सकाळी बाबा स्वतःच हनुवटी वर करतात आणि वण उजेडात येतो. शेजारच्या बाईंनी काल विचारलंच, हे काय हो कधीचं? बाबांनी माझा हात धरला आणि पट्ट्याकडे बोट दाखवलं. मग मी सांगितलं, सगळं.

तुमची दाढी अर्धवटच नव्हे, अख्खी राहिलीय. रविवारी या, मी करते. हात अजून कापतो माझा, पण तुम्हाला कुठली गोळी चालू नाही. आणि डोळे उघडे ठेवा.

भिंगरी